हळद-तुरीचा मंत्र

"हात वळला! हात वळला!"

बायकांच्या बाजूनं ओरडा उठला आणि पुरुषांकडची निम्मी माणसं गुडघ्यांवर उभी राहून माना लांब करू लागली. गावाबाहेर गोरेगावच्या रस्त्याला लागून असलेलं ते मंगल कार्यालय. एरवी तिथं लग्नं लागायची, पंगती उठायच्या, रुसलेल्या पाहुण्यांच्या विनवण्या व्हायच्या. आठवडाभर मात्र तिथं देव मुक्कामाला होता. निदान बाहेरच्या फलकावर तसं लिहिलेलं होतं : 'मंत्रसिद्ध बीजानंद महाराजांचे बीजमंत्र-ध्यान शिबिर. या, देव तुमचा हात धरेल.'

आणि देव हात धरत होता की! लोक डोळ्यांनी बघत होते.

व्यासपीठावरून महाराजांचा आवाज कर्ण्यातून कानावर आदळत होता. "ह्रौं-फट्! ह्रौं-फट्! प्रत्येक अक्षराला श्वास! पोटातून फेका! जोरात! थांबाल तर दारात आलेला देव माघारी फिरेल!" अख्खा मंडप डोळे मिटून लोहाराच्या भात्यासारखा फुसफुसत होता. थोड्या वेळानं एकेकाच्या ओठांना मुंग्या यायच्या, डोकं हलकं व्हायचं आणि मग तो चमत्कार. पाची बोटं ताठ होऊन एकमेकांना चिकटायची, अंगठा आत शिरायचा, मनगट वाकायचं. सोडवू म्हटलं तरी हात सुटायचा नाही.

दुसरा कुठला आकार झाला असता तर लोक म्हणाले असते, वात आला. पण हा आकार इथल्या प्रत्येकानं पाळण्यात असल्यापासून पाहिलेला. ताटाभोवती पाणी फिरवून देवाला नैवेद्य दाखवताना आई असाच हात करते. लेकराला घास भरवतानाही असाच. पहिल्या दिवशी कुणा म्हातारीचा हात वळला तेव्हा शेजारची ओरडली होती, "अगं माय, नैवेद्याचा हात!" महाराज मूळचे कुठले, कुणाला ठाऊक; पण कान तिखट. त्यांनी तो शब्द वरच्यावर झेलला. दुसऱ्या दिवशी फलकावर नवी ओळ होती : 'नैवेद्यमुद्रेचा प्रत्यक्ष अनुभव.' आपलीच भाकरी, आपल्यालाच प्रसाद म्हणून वाढलेली!

मग महाराज खाली उतरत, वळलेल्या मनगटावर अंगठा टेकवत आणि डोळे अर्धे मिटून म्हणत, "शांत... शांत... देवानं घास घेतला." माणूस फुसफुसायचा थांबे, पायांवर पडे, तसाच पडून राही. हळूहळू बोटं सैल होत. जयजयकार!

मागच्या खांबाला टेकून विश्वंभर हे बघत होता. त्याला संताप येत होता.

तो नास्तिक असता तर हसून घरी गेला असता. पण विश्वंभर म्हणजे गावच्या भजनी मंडळाचा आवाज. आसपासच्या कुठल्याही गावी कीर्तन असलं की बुवांच्या मागं पहिला टाळ त्याचा. शेतात हळदीला पाणी देतानाही त्याच्या ओठांवर नाम असायचं. लहानपणी एका म्हाताऱ्या कीर्तनकारांनी त्याला मंत्राचा अर्थ सांगितला होता, तो त्यानं जन्मभर उराशी धरला होता. बुवा म्हणाले होते, "मन म्हणजे हुंदडणारं वासरू, पोरा. मंत्र म्हणजे त्याचं दावं. दावं सैल असावं. वासरू फिरून फिरून खुंट्याशी आपोआप येतं. दाव्याला हिसके दिलेस तर ध्यान लागणार न्हाई, फास लागंल."

आणि इथं फास लावायचा धंदा चालला होता. तोही देवाच्या नावानं.

पण संतापाचं खरं कारण वेगळं होतं. व्यासपीठावर, महाराजांच्या उजव्या हाताला भगव्या कपड्यांत बसवलेली पोर त्याची होती. प्रतिक्षा.

प्रतिक्षाला लहानपणापासून एक आजार. बोलता बोलता गप्प व्हायची, डोळे एका जागी थिजायचे, ओठ चघळल्यासारखे हलायचे. जरा वेळानं पुन्हा जागेवर. शाळेत म्हणत, लक्ष नसतं पोरीचं. भावकीत म्हणत, बाहेरचं असंल. अखेर डॉक्टरांनी सांगितलं, फेफऱ्याचाच हा एक प्रकार आहे, रोज गोळी लागेल. गोळीनं पोर सावरली होती. आणि मग हे शिबिर आलं. तिची आई, वैष्णवी, तिला घेऊन पहिल्याच दिवशी गेली. फुसफुसता फुसफुसता पोरीचे डोळे थिजले, तोंडातून लाळ गळली. महाराजांनी कर्ण्यातून आरोळी ठोकली, "समाधी! लोकहो, ही बालयोगिनी आहे!"

आजही तेच झालं. सगळ्यांच्या आधी प्रतिक्षाचा श्वास चढला, मान किंचित वर गेली, डोळे रिकामे झाले. हनुवटीवर ओघळ आला. महाराजांनी रेशमी रुमाल काढला, मोठ्या नजाकतीनं तो ओघळ टिपला आणि रुमाल गर्दीत दिला. "अमृतबिंदू! कपाळी लावा! दुखणं-खुपणं जाईल!"

माणसं रुमालावर तुटून पडली. कुणी डोळ्यांना लावला, एकानं चक्क ओठांना. फिरत फिरत तो सखुबाईपाशी आला. सखुबाई म्हणजे विश्वंभरची चुलती. जिभेला हाड नाही आणि मनात काही ठेवायची सवय नाही. तिनं रुमाल दोन बोटांत धरून हुंगला.

"काय हुंगून राहिली काकी? अमृत हाय ते!" पुढचा माणूस खेकसला.

"लाळ हाय बापा. उभा जल्म लेकरांचे तोंड पुसले म्या. अमृत असतं तं आतालोक अमर झाले असते."

दोघं-तिघं हसले, बाकीच्यांनी तिला गप्प केलं. विश्वंभर उठून बाहेर गेला. नळाखाली त्यानं तोंडावर पाणी मारलं, पण किळस काही धुतली जाईना. आपल्या आजारी लेकराची लाळ लोक देव म्हणून चाटताहेत, आणि ज्या तोंडानं तो माणूस हे करतो, त्याच तोंडानं 'ॐ' म्हणतो!

घरी आल्यावर त्यानं कोनाडा चाचपला. गोळ्यांची पाकिटं होती तशीच होती.

"वैष्णवी, गोळ्या काहून देऊन राहिली न्हाई पोरीला?"

वैष्णवी भाकरी थापत होती. तिनं वर पाहिलं नाही. "मंत्र आन् गोळी एका अंगात राहत न्हाईत, म्हणले महाराज."

"आन् ते डॉक्टर कधीपासून झाले?"

"डॉक्टरनं काय केलं हो? गोळी, गोळी, गोळी! उद्या लग्नाला पाव्हणे आले म्हंजे गोळीचं पाकीट दाखवू का त्यान्ला?" तिचा आवाज फाटला. "तिथं माझ्या पोरीच्या पाया पडून राहिले लोक. आजवर जे बाहेरचं म्हणत व्हते ना, तेच! रविवारी महाध्यान हाय. मंग महाराज तिला पुढच्या शिबिराला संगं नेणार हायेत. म्या व्हय म्हणलं."

विश्वंभरच्या हातातलं पाकीट खाली पडलं. "संगं? कुठं?"

"साधनेला." आणि मग ती वळली. डोळे भरलेले. "माझा हात धरला देवानं त्या दिवशी. खरंच धरला. तुमी एवढी वर्सं टाळ कुटून राहिले, तुमचा धरला का कधी?"

विश्वंभरनं पडलेलं पाकीट उचलून कोनाड्यात ठेवलं. पोर काखेत मारून आणणं सोपं होतं. पण तो शेतात गेला की आई पुन्हा नेणार. लेकरू उचलून आणता येतं, आईचा विश्वास कसा उचलून आणायचा?

ओसरीवर प्रतिक्षा पाय हलवत बसली होती. त्यानं जवळ बसून विचारलं, "बाई, त्या समाधीत काय दिसतं तुला?"

"काहीच न्हाई बाबा. मी इथं असते, आन् मंग एकदम पुढं असते. मधलं कोण नेतं, कळत न्हाई." "आईला सांगू नका. तिला वाटतं, देव दिसतो."

दुसऱ्या दिवशी विश्वंभरनं आरोग्य केंद्रात डॉक्टर रत्नपालांना गाठलं. सगळं ऐकून डॉक्टरांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, "आधी गोळी सुरू करा. आजच. आणि विश्वंभरराव, तुम्ही इथं बसा अन् त्यांच्यासारखं फुसफुसून दाखवा. मात्र मंत्र म्हणायचा नाही. नुसता वारा."

विश्वंभर खुर्चीत बसून फुसफुसू लागला. डोकं हलकं झालं. ओठ बधिरले. आणि त्याच्या डोळ्यांदेखत त्याची बोटं जुळली, अंगठा आत गेला, मनगट वाकलं. नैवेद्याचा हात! त्याला घाम फुटला.

"आता गा," डॉक्टर म्हणाले. "तुमच्या त्या लांब चालीतलं काहीही. सावकाश."

त्यानं 'विठ्ठल' धरला. कीर्तनात धरतो तसा, दमसास राखून, एका श्वासात एक नाम. हळूहळू बोटं सुटली. अंगठा न लावता.

"आपण जो श्वास सोडतो त्यात कार्बन डायऑक्साइड असतो," डॉक्टर सांगू लागले. "तो घाण आहे असं लोकांना वाटतं, पण रक्तात तो ठरावीक मापात लागतो. गरजेपेक्षा जोरानं श्वास टाकत राहिलं की तो कमी होतो. मग रक्तातलं कॅल्शियम मज्जातंतूंना पुरेसं मिळत नाही, ते चाळवतात, मुंग्या येतात, हात असे आखडतात. श्वास ठिकाणावर आला की हात सुटतो. एवढीच यांची सिद्धी. आणि प्रतिक्षाच्या आजारात तर असल्या श्वासानं झटका ओढवतोच. तपासणीत आम्ही मुद्दाम पोरांना फुंकायला लावतो, झटका दिसावा म्हणून. पण जपून, यंत्रावर नजर ठेवून, तीन-चार मिनिटंच. हा माणूस रोज, गोळी बंद करून, तासन्‌तास ते करतोय. मोठा झटका आला तर पोर हातची जाईल."

विश्वंभर आपल्या हाताकडं बघत राहिला. बायकोच्या प्रश्नाचं उत्तर त्या हातात होतं. इतकी वर्षं देवानं त्याचा हात धरला नव्हता, कारण तो श्वास घेऊन गात होता.

त्या दिवसापासून गोळी तो स्वतःच्या हातानं देऊ लागला, आणि जाईल तिथं पोर संगं नेऊ लागला. वैष्णवीनं अडवलं नाही, पण रविवारी पहाटेच तिनं प्रतिक्षाला भगवे कपडे घातले.

महाध्यानाला मंडप ओसंडत होता. विश्वंभरच्या सांगण्यावरून डॉक्टर रत्नपालही आले होते. महाराजांना ठाऊक होतं, विश्वंभरचा आवाज म्हणजे पंचक्रोशीची साक्ष. त्यांनी स्वतः बोलावलं, "या, बालयोगिनीचे पिताश्री! आरंभी एक नाम होऊ द्या."

विश्वंभरनं माईक घेतला. प्रतिक्षाला उठवून त्यानं व्यासपीठाच्या कडेला, डॉक्टर रत्नपालांजवळ बसवलं. मग हात जोडले. "नाम घेतोच. पण आधी एक शंका, महाराज. हात वळतो तो अक्षरानं का फुंकण्यानं?"

महाराज हसले. लोकांकडं बघून म्हणाले, "भाबडा जीव! अरे, बीजाक्षरात अग्नी असतो. ब्रह्मांडाची कंपनं असतात. दुसरं अक्षर जन्मभर फुंका, करंगळीसुद्धा हलणार नाही!"

"पक्कं?"

"त्रिवार सत्य!"

"मंग पडताळू. डाव्या बाजूनं महाराजांचा मंत्र म्हणायचा, पण आमच्या चालीत. एका श्वासात एकदा, सावकाश. उजव्या बाजूनं फुंकायचं महाराजांच्या चालीत, पण मंत्र आपला. हळद-तूर, हळद-तूर!"

मंडपात हशा पिकला. तांड्यावरचा धर्मसिंग उभा राहून ओरडला, "बराबर हाय! महाराज, बियाणं तुमचं अस्सल असंल तं घाबरायचं काहून? न्हाई उगवलं तं तक्रार कुठं करायची, तेवढं सांगून ठेवा!"

महाराजांचा चेहरा ताठला. "हा मंत्राचा अपमान आहे! शाप लागेल!"

"लागू दे. मला लागंल," विश्वंभर म्हणाला.

डॉक्टर उठले. "दमा, हृदयाचा त्रास, फेफरं असलेल्यांनी, पोटुशा बायांनी बसायचं नाही. घेरी आली की थांबायचं."

तोच बायकांतून वैष्णवी उठली. रागानं लाल. "म्या बसते उजवीकडं. हळद-तुरीनं माझा हात वळणार न्हाई, आन् न्हाई वळला तं प्रतिक्षा आजच महाराजांसंगं जाईल. कबूल?"

विश्वंभरनं पोरीकडं पाहिलं. "कबूल," तो म्हणाला.

त्यानं टाळ घेतला. डावीकडं 'ह्रौं-फट्' सुरू झालं. संथ, नदीच्या डोहासारखं. उजवीकडं सखुबाईनं पदर खोचला आणि फर्मावलं, "चला गं! हळद-तूर! हळद-तूर! पोटातून फेका, देव आला तं त्याला बाजारभाव इचारू!" आधी हसू, मग चेव, मग नुसता वारा. हळद-तूर, हळद-तूर, हळद-तूर...

वैष्णवी जीव तोडून म्हणत होती. फसवायचं तिच्या मनातही नव्हतं. तिला देवाची बाजू जिंकून द्यायची होती. डोळे गच्च मिटलेले, कपाळाची शीर तटतटलेली.

आधी धर्मसिंगचा आवाज आला, "आयला! माझा गेला!" मग दोन बायकांचा. डावीकडं एकाचीही करंगळी हलली नव्हती.

आणि मग वैष्णवीनं डोळे उघडले. मांडीवर तिचा हात पडला होता. बोटं जुळलेली, अंगठा आत, मनगट वाकलेलं. ती त्या हाताकडं बघत राहिली. परक्याचा असावा तशी.

महाराज चपळाईनं उतरले. "बघितलंत? माझ्या सान्निध्यानं! शांत, माते, शांत..." त्यांनी अंगठा पुढं केला.

"हात नका लावू." वैष्णवीनं हात छातीशी घेतला. ओठ बधिर होते, शब्द अडखळत होते. पण मंडपाच्या टोकापर्यंत ऐकू गेले. "आमी हळद म्हणलं, महाराज. तूर म्हणलं. तुमचा देव काय आडत दुकानात बसून हात धरतो व्हय?"

विश्वंभर तिच्याजवळ येऊन बसला. "सावकाश श्वास घे. माझ्या संगं." त्यानं नाम धरलं. तिनं मोडक्या आवाजात साथ दिली. एक बोट सुटलं, मग दुसरं. कुणाच्या अंगठ्याची गरज लागली नाही.

हात मोकळा झाला तशी ती उठली. व्यासपीठावर चढून तिनं आसनाशेजारचा तो रेशमी रुमाल उचलला, त्याच्याकडं बघितलं आणि तिला उमासा आला. रुमाल तिनं महाराजांच्या पायाशी टाकला. "माझ्या लेकराच्या दुखण्याचं पाणी लोकांना पाजलं तुमी. आन् म्या ताट धरलं." मग आपल्या पदरानं प्रतिक्षाचं कोरडंच तोंड तिनं पुन्हा पुन्हा पुसलं.

महाराज कलियुगाबद्दल बोलले. दूषित लहरींबद्दल बोलले. पण मंडपभर लोक स्वतःच फुंकून बघत होते. कुणी 'सोयाबीन' म्हणत होतं, कुणी जावयाचं नाव घेत होतं, आणि हात बिनतक्रार वळत होते. दुपारपर्यंत महाराजांची गाडी कनेरगाव नाक्याकडं धूळ उडवत गेली. डॉक्टरांनी आणि विश्वंभरनं मिळून पोलिसांत तक्रार दिली. सगळेच शहाणे झाले, असं मात्र समजू नका. दोघं-चौघं अजून म्हणतात, हळद पवित्रच असते, म्हणून हात वळला. तुरीचं ते काय सांगतात, ते मात्र विचारू नका.

त्या संध्याकाळी वैष्णवीनं स्वतः कोनाड्यातून गोळी काढली, पाण्याचा तांब्या भरला. "घे बाई." प्रतिक्षानं गोळी गिळली आणि बापाच्या मागोमाग देवळात गेली. कीर्तन रंगलं. पोर टाळ वाजवत उभी होती. सुरुवातीपासून शेवटापर्यंत, मधलं काहीही न हरवता.

देवाचं नाम घ्या, बापहो. मोठ्यानं घ्या, मनात घ्या, शेतात घ्या. मन निवेल, दावं सैल राहील. पण जो मंत्र श्वास घेऊ देत नाही, प्रश्न विचारू देत नाही आणि लेकराची गोळी बंद करतो, तो कुणाच्याही तोंडून आला तरी मंत्र नव्हे. त्याला आधी हळद-तूर लावून बघा. आणि देवानं हात धरावा असं फारच वाटलं, तर आजारी लेकराचा हात आपण धरा आणि त्याला दवाखान्यात न्या.